सर बार्टल फ्रीअर व सिंधचें अर्ध्या आण्याचें तिकीट

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं तलासरीकडच्या आमच्या एका विद्यार्थ्यानें जुन्या कागदांचें एक पुडकें शाळेंत आणिलें. त्याचे आजोबा वारले होते व घर शाकारतांना माळ्यावर एक पत्र्याचा डबा सांपडला होता. पुडक्यांत शेतसाऱ्याच्या पावत्या, दोनतीन पोस्टकार्डें, कांहीं पाकिटें आणि वहीच्या एका पानावर खळीनें चिकटविलेला, नाण्याएवढा, निळा, वाटोळा कागद होता. त्यावर बकल लाविलेल्या पट्ट्याची आकृति असून पट्ट्यावर सिंद डिस्ट्रिक्ट डाक अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें होतीं. गांवांत कोणी तरी मुलाच्या वडिलांस सांगितलें होतें कीं, असलें तिकीट लाखों रुपयांस जातें. वडील स्वतः शाळेंत आले, बांकाच्या अगदीं कडेला बसले, आणि हें खरें आहे काय एवढेंच त्यांनीं विचारलें. त्यांच्या थोरल्या मुलीचें लग्न ठरत आलें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें.

तो कागद खरा नव्हता. तें आम्हीं कसें ओळखिलें हें पुढें सांगूं. परंतु त्या निमित्तानें आम्हांस ज्या पुरुषाचें चरित्र पुन्हा चाळावें लागलें, त्याची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों. त्या पुरुषाचें नांव सर बार्टल फ्रीअर. मुंबईच्या ज्या कारंज्यास आपण फ्लोरा फाउंटन म्हणतों, तें १८६४ सालीं बांधलें गेलें तें ह्यांच्याच सन्मानार्थ. पण नांव मात्र पुष्पदेवीचें राहिलें.

हेन्री बार्टल एडवर्ड फ्रीअर यांचा जन्म २९ मार्च १८१५ रोजीं वेल्स देशांत झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरांसाठीं हेलीबरी येथें जें कॉलेज होतें त्यांत त्यांचें शिक्षण झालें व १८३४ सालीं मुंबई इलाख्यांत त्यांची नेमणूक झाली. त्या काळीं विलायतेचीं जहाजें सर्व आफ्रिका खंडास वळसा घालून येत आणि प्रवासास कित्येक महिने लागत. एकोणीस वर्षांच्या ह्या तरुणानें तो मार्ग सोडून मिसर देशांतून वाळवंट ओलांडण्याचें ठरविलें. तांबड्या समुद्रांत उघड्या नांवेंतून व पुढें अरबी गलबतांतून प्रवास करीत तो मुंबईस येऊन पोंचला. वाटेंत फुकट जाणारा काळ कसा वांचवावा, हा विचार ह्या माणसाच्या स्वभावांतच होता असें दिसतें. पुढील सर्व चरित्रांत तो पुनः पुनः डोकें वर काढतो.

भाषांची परीक्षा उतरल्यावर १८३५ सालीं ते पुण्यास असिस्टंट कलेक्टर झाले. तेथें जमीनमहसुलाच्या कामांत ते खेडोपाडीं हिंडले. १८४२ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांनीं त्यांस आपले खासगी चिटणीस नेमिलें आणि दोन वर्षांनीं गव्हर्नरसाहेबांच्या कन्या कॅथरीन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. मग ते साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारीं रेसिडेंट म्हणून गेले.

साताऱ्याचा प्रसंग मराठी वाचकांस चांगला ठाऊक असला पाहिजे. १८४८ च्या एप्रिलांत शहाजी महाराज निवर्तले. मरणापूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसी यांचें मत असें कीं, कंपनीच्या संमतीवांचून घेतलेला दत्तक राज्याचा वारस होऊं शकत नाहीं. फ्रीअर यांनीं ह्या दत्तकाच्या बाजूनें आपला अभिप्राय दिला. वरिष्ठांनीं तो मानला नाहीं, व १८४९ सालीं सातारा खालसा झाला. आश्चर्य हें कीं, ज्यानें विरोध केला त्याच्याच हातीं त्या मुलखाचा कारभार देण्यांत आला आणि त्यानें तो पत्करिला. ह्यांत त्यांचा मोठेपणा पाहावा कीं नोकरमाणसाची सोय पाहावी, याचा निर्णय आमच्यानें होत नाहीं. विरोध लेखी नोंदविला व हुकूम पाळला, एवढें मात्र खरें.

१८५० सालीं फ्रीअर सिंध प्रांताचे कमिशनर झाले. सिंध १८४३ सालीं नेपियर साहेबांनीं तरवारीनें जिंकलेला व १८४७ पासून मुंबई इलाख्यास जोडलेला मुलूख होता. कराची त्या वेळीं लहान बंदर होतें. रस्ते नव्हते, शाळा नव्हत्या, आणि दफ्तराची भाषा लोकांची भाषा नव्हती. फ्रीअर यांनीं कारभारांत सिंधी भाषा आणिली. तिची लिपि कोणती असावी ह्याविषयीं वाद झाला असतां त्यांच्याच कारकीर्दींत, १८५३ सालीं, अरबी वळणाची बावन्न अक्षरी लिपि मुक्रर झाली. १८५५ सालीं कराचीस पहिली सरकारी शाळा निघाली. पुढें त्याच शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणखात्यांतील आपल्या इकडच्या गृहस्थांचें नांव मिळालें. कराचीच्या एका मोठ्या शाळेस मराठी नांव कसें, असें जे विचारतात त्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

आतां टपालाकडे वळूं. सिंधच्या वाळवंटांतून व नदीकांठानें पत्रें पोंचवावयाचीं म्हणजे हलकाऱ्यांनीं पायीं धांवत जावयाचें. आमच्याकडील डोंगरांतही एके काळीं हाच प्रकार असे. हातांत भाला, भाल्यास घुंगरूं, व पाठीवर थैली. पत्राचें हांशील अंतराप्रमाणें ठरे आणि तें रोख मोजून द्यावें लागे. चार ओळींच्या कागदासाठीं गरीब मनुष्यानें किती पैसे मोजावे हें त्यास आधीं कळण्याची सोयच नसे. फ्रीअर व कराचीचे पोस्टमास्तर एडवर्ड कॉफी यांनीं ही व्यवस्था बदलली. पायीं धांवणाऱ्या हलकाऱ्यांच्या जोडीस घोडे व उंट आले आणि कचेऱ्यांच्या गांवांना नियमानें जोडणारी डाक सुरू झाली.

विलायतेंत रोलंड हिल यांनीं १८४० सालीं एक पेनीचें काळें तिकीट काढून अंतराचा हिशेब मोडून टाकिला होता. फ्रीअर यांनीं तीच कल्पना सिंधांत आणण्याचें मनावर घेतलें. १ जुलै १८५२ रोजीं अर्ध्या आण्याचें तिकीट निघालें. अर्ध्या तोळ्याचें पत्र सिंधच्या डाकेंत कोठेंही जावो, हांशील अर्धा आणा. चिकटविण्याचें टपाल-तिकीट सर्व आशिया खंडांत त्यापूर्वीं कोठें निघाल्याचें दिसत नाहीं. आणि तें कलकत्त्यास किंवा मुंबईस न निघतां, राज्यास अवघीं नऊ वर्षें झालेल्या एका कोपऱ्यांतील प्रांतांत निघालें.

ह्या तिकिटाचें रूप सांगणें अवश्य आहे. तें वाटोळें आहे. कडेनें बकलाचा पट्टा, त्यांत डाकेचें नांव, मध्यें कंपनीचें व्यापारी चिन्ह, म्हणजे तीन भाग केलेलें हृदय, त्या भागांत कंपनीच्या नांवाचीं आद्याक्षरें, माथ्यावर इंग्रजी चाराच्या आंकड्यासारखी खूण, आणि खालीं अर्धा आणा ही किंमत. राणीचा मुखवटा नाहीं, राजमुकुट नाहीं. वखारींतील गांसड्यांवर मारावयाची खूण ती हीच. हें सर्व शाईनें छापलेलें नसून ठशानें दाबून उठविलेलें आहे. त्याचे तीन प्रकार प्रसिद्ध आहेत. एक लाल, तो लाखेच्या पातळ चकतीवर उठविलेला. दुसरा पांढरा, कोऱ्या कागदावर नुसता उठाव, रंग मुळींच नाहीं. तिसरा निळा. लाखेचें तिकीट पिशवींत दबलें कीं तडकून त्याचे तुकडे होत. पांढरें तिकीट दिव्याच्या उजेडांत कारकुनास दिसतच नसे. निळें त्यामानानें सोईचें ठरलें.

ह्या डाकेचें आयुष्य फार थोडें. लॉर्ड डलहौसींच्या कारकीर्दींत सर्व हिंदुस्थानचें टपाल एका कायद्याखालीं आलें. १ ऑक्टोबर १८५४ पासून अर्ध्या आण्यांत पाव तोळ्याचें पत्र देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाऊं लागलें आणि सिंधचें वेगळें तिकीट बंद झालें. सवादोन वर्षें. एवढ्या अवकाशांत, एवढ्या तुरळक वस्तीच्या प्रांतांत, किती पत्रें लिहिलीं गेलीं असतील व त्यांतील किती पत्रें वाळवी, पूर व रद्दीवाला यांच्या तडाख्यांतून वांचलीं असतील, याचा विचार केला म्हणजे आज त्याचें मोल कां आहे हें सांगावें लागत नाहीं. सरकारच्या दृष्टीनें जें दोन वर्षांत निकामी झालें, तेंच संग्राहकाच्या दृष्टीनें अमोल झालें. पाकिस्तान सरकारनें १९५२ सालीं ह्या तिकिटाची शताब्दि साजरी करून दोन नवीं तिकिटें काढलीं, व भारत सरकारनें १९५४ सालीं देशभरच्या तिकिटांची शताब्दि साजरी केली.

आतां तलासरीच्या त्या कागदाकडे येऊं. आम्ही कांहीं जवाहिऱ्यांसारखे पारखी नव्हों. पण कांहीं गोष्टी कोणासही पाहतां येतात, म्हणून त्या येथें थोड्या विस्तारानें लिहितों.

पहिली गोष्ट उजेडाची. आम्हीं तो कागद खिडकीशीं तिरपा धरिला. ठशानें उठविलेल्या कागदावर तिरपा उजेड पडला म्हणजे प्रत्येक अक्षराच्या एका बाजूस बारीक सांवली पडते, जशी नाण्यावर पडते. येथें सांवली पडेना. पट्टा व अक्षरें निळ्या रंगानें काढिलेलीं दिसत, पण बोटाखालीं कागद सपाट होता. मुलानें स्वतः बोट फिरवून पाहिलें व त्याच वेळीं त्याचा चेहरा उतरला. दुसरी गोष्ट भिंगाची. शाळेच्या प्रयोगशाळेंतील भिंगाखालीं तो निळा रंग एकसंध नसून बारीक बारीक ठिपक्यांचा झालेला दिसला. छायाचित्रावरून यंत्रानें छापलेल्या चित्रांत असे ठिपके असतात. मासिकांतील कोणतेंही चित्र भिंगाखालीं धरून पाहावें. १८५२ सालीं ही रीत नव्हती. तिसरी गोष्ट पाठीमागची. वहीचें पान उजेडापुढें धरतांच त्या वाटोळ्या कागदाच्या पाठीवर छापील ओळी उलट्या दिसूं लागल्या. कोणत्या तरी पुस्तकांतून किंवा मासिकांतून कापून घेतलेलें तें चित्र होतें. आजोबांनीं हौसेनें कापून चिकटविलें असेल. फसविण्याचा हेतु कोणाचाच नव्हता. पण गांवच्या गप्पेनें त्या चित्राचे लाख रुपये करून ठेविले होते.

सर्वच नकला इतक्या भोळ्या नसतात. ह्या तिकिटाच्या खोट्या प्रती जुन्या काळापासून बाजारांत फिरत आहेत व त्यांतील कित्येकींवर उठावही केलेला असतो. तेथें अक्षरांची ठेवण, बकलाचा आकार, हृदयाच्या रेषा, कागदाचा पोत हें सर्व खऱ्या प्रतीशीं ताडून पाहावें लागतें, आणि तें काम जाणत्याचेंच. लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीसारख्या संस्था तपासणी करून दाखला देतात. मोठ्या किंमतीचें तिकीट अशा दाखल्यावांचून कोणी शहाणा मनुष्य घेत नाहीं.

मोलाविषयीं लोकांची समजूत अशी कीं, जितकें जुनें तितकें महाग. हें खरें नव्हे. १८५४ सालचें अर्ध्या आण्याचें निळें तिकीट लाखोंनीं छापलें गेल्यामुळें आजही संग्राहकांच्या आटोक्यांत असतें, आणि त्याहून अर्वाचीन एखादें तिकीट दहापट किंमतीस जातें. किंमत ठरते ती, तें किती उरलें आहे, कोणत्या स्थितींत आहे आणि तें हवें असणारे किती आहेत, ह्यांवर. त्यांतही सुटें तिकीट एक व तेंच तिकीट मूळच्या पत्रावर असलें म्हणजे दुसरें. पत्रावर पाठविणाराचें गांव असतें, घेणाराचें नांव असतें, तारीख असते, वाटेंतील कचेऱ्यांच्या खुणा असतात. तिकीट खरें आहे ह्याचे ते सर्व साक्षीदार होत. तें तिकीट कापून किंवा पाण्यांत भिजवून सोडविणारा मनुष्य आपल्याच हातानें साक्षीदार घालवून बसतो. सिंधचीं पुष्कळ वाटोळीं तिकिटें गेल्या शतकांतल्या हौशी मंडळींनीं अगदीं रेषेशीं गोल कापून वह्यांत लाविलीं. भोंवती कागदाची कोर शिल्लक असलेलें तिकीट त्यामुळें अधिक मोलाचें झालें आहे. लाखेच्या लाल तिकिटाला तर बोटही लावूं नये. आणखी एक सांगून ठेवितों. यादीपुस्तकांत छापलेला आंकडा ही दुकानांतील भावाची कमाल मर्यादा असते. विकणाराच्या हातांत त्याचा कांहीं अंशच पडतो.

असो. तिकिटाच्या नादांत आमचे चरित्रनायक मागें राहिले. १८५७ सालीं रजेवरून परत येतांना कराचीच्या बंदरांतच त्यांस मीरतच्या उठावाची बातमी कळली. आपल्या प्रांतांतील फौज त्यांनीं धोका पत्करून मुलतान व इतर ठिकाणीं धाडली. पार्लमेंटानें त्यांचे आभार मानले, त्यांस सर ही पदवी मिळाली व ते कलकत्त्यास व्हाइसरॉयांच्या कौन्सिलांत गेले. १८६२ सालीं ते मुंबईचे गव्हर्नर होऊन आले.

ह्यापुढील पांच वर्षें म्हणजे मुंबईच्या भरभराटीचीं व दिवाळखोरीचींही होत. अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपल्यामुळें तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला व आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. फ्रीअर यांनीं मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडविला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर आजचीं तीं भव्य सरकारी मंदिरें उभारण्याची योजना आंखली. पुण्यास डेक्कन कॉलेजची इमारत त्यांच्या काळीं उभी राहूं लागली, व गणेशखिंडीचा प्रासादही त्यांनींच आरंभिला. त्या प्रासादाच्या खर्चावरून त्यांजवर टीका झाली. आज त्यांत विद्यापीठाचें ठाणें आहे. आमच्या डहाणूकरांस अधिक जवळची गोष्ट म्हणजे त्यांच्याच कारकीर्दींत, नोव्हेंबर १८६४ मध्यें, सुरतेहून मुंबईस येणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे थेट ग्रांट रोडपर्यंत पुरी झाली. ज्या खाड्यांवरून पूर्वीं होडीनें उतरावें लागे त्यांवर पूल झाले. डहाणूच्या चिकूच्या पेट्या ज्या रुळांवरून गेल्या त्याच रुळांवरून आधीं टपालाच्या थैल्या गेल्या होत्या. घुंगराच्या काठीचा हलकारा मुख्य वाटेवरून नाहींसा झाला व आंतल्या डोंगरांत तेवढा उरला.

पण कापसाचा पैसा जसा आला तसा गेला. समुद्र भरून काढण्याच्या कंपन्या, बँका, शेअर यांचें वेड शहरास लागलें. १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि कागदावरचे लक्षाधीश एका दिवसांत भिकेस लागले. मुंबईची सरकारी भांडवलाची बँक त्यांत बुडाली. सरकारच्या हातीं त्या बँकेवर देखरेख करण्याचा जो अधिकार होता तो फ्रीअर यांनीं वेळीं वापरला नाहीं, असा ठपका त्यांजवर आला व तो अगदींच अन्यायाचा नव्हता. अर्ध्या आण्याचा हिशेब गरिबासाठीं सोपा करणाऱ्या माणसाकडून कोट्यवधींच्या हिशेबाकडे दुर्लक्ष व्हावें, हें मनास लागतें.

ह्या काळांतली एक घरगुती गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. गव्हर्नरसाहेब दख्खनच्या दौऱ्यावर असतां त्यांची कन्या मेरी हिच्या सोबतीस ॲना लिबराटा डिसूझा नांवाची आया असे. ती ख्रिस्ती असून तिचे पूर्वज मूळचे लिंगायत होते. तिनें आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीस सांगितल्या, मेरीनें त्या लिहून घेतल्या, आणि १८६८ सालीं ओल्ड डेक्कन डेज या नांवानें त्या छापल्या. आयेचें स्वतःचें लहानसें चरित्रही त्या पुस्तकाच्या आरंभीं आहे. त्या काळीं एखाद्या साहेबाच्या घरांतील आयेचें चरित्र छापलें जावें, हें आम्हांस बापाच्या अनेक इमारतींहून मोठें वाटतें.

१८६७ सालीं फ्रीअर विलायतेस परतले. १८७२ सालीं त्यांस झांजिबारच्या सुलतानाकडे गुलामांचा व्यापार बंद करविण्यासाठीं पाठविण्यांत आलें व पुढच्याच वर्षीं तसा तह होऊन तेथील गुलामांचा बाजार उठला. सुटलेल्या गुलामांसाठीं मोंबासाजवळ मिशनऱ्यांनीं जी वसाहत केली तिला फ्रीअरटाउन असें नांव दिलें. ह्या वसाहतीचा आपल्या नाशिकशीं निकटचा संबंध आहे. अरबी गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें नाशिकच्या शरणपूर येथील मिशनमध्यें वाढत व हातचे धंदे शिकत; त्यांपैकीं पुष्कळजण पुढें फ्रीअरटाउन येथें जाऊन राहिले. डॉक्टर लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागांत १८७३ सालीं वारले तेव्हां त्यांचा देह समुद्रकांठापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकचीं अशीं मुलें होतीं. त्यांतील जेकब वेनराइट हा शवपेटीसोबत विलायतेपर्यंत गेला.

येथें चरित्र संपतें तर फार बरें झालें असतें. १८७७ सालीं फ्रीअर दक्षिण आफ्रिकेंत केप वसाहतीचे गव्हर्नर व हायकमिशनर झाले. शेजारीं झुलू लोकांचें स्वतंत्र राज्य होतें व राजा सेटेवायो ह्याचें सैन्य मोठें होतें. तें राज्य मोडल्यावांचून वसाहतींस स्वस्थता नाहीं, असें फ्रीअर यांच्या मनानें घेतलें. विलायत सरकारास त्या वेळीं हें युद्ध नको होतें. परंतु तारेची सोय केपपर्यंत पोंचलेली नव्हती. पत्र जाऊन उत्तर येण्यास कित्येक आठवडे लागत. युद्ध टाळावें असा वरिष्ठांचा सांगावा वाटेंत असतांच फ्रीअर यांनीं डिसेंबर १८७८ मध्यें झुलू राजास सैन्य मोडण्याचें निर्वाणीचें पत्र धाडलें. अशी अट कोणताही राजा मान्य करणार नव्हता. जानेवारी १८७९ मध्यें फौज सरहद्द ओलांडून गेली आणि त्या महिन्याच्या २२ तारखेस इसांडल्वाना येथें इंग्रजांच्या पक्षाचे तेराशेंहून अधिक लोक एका दिवसांत मारले गेले. अखेरीस झुलूंची राजधानी जळाली, राजा कैद झाला आणि ज्या लोकांनीं फ्रीअर यांचें कांहींही वांकडें केलें नव्हतें त्यांचें राज्य नष्ट झालें.

पत्र लवकर पोंचावें म्हणून ज्यानें सिंधच्या वाळवंटांत उंट उभे केले, त्यानेंच पत्र उशिरा पोंचतें ह्या गोष्टीचा असा उपयोग करून घेतला. गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणारा हाच मनुष्य एका स्वतंत्र जातीचें स्वातंत्र्य हिरावून घेण्यास कारण झाला. साताऱ्यास दत्तकाचा हक्क मानणारा तोही हाच. फ्रीअर यांचे चाहते त्यांचा पहिला भाग सांगतात व टीकाकार दुसरा. आम्हांस दोन्ही खरे वाटतात आणि ते एकमेकांस पुसून टाकीत नाहींत.

सरकारनें प्रथम त्यांची कानउघाडणी केली व १८८० सालीं त्यांस परत बोलाविलें. आपल्या वर्तनाचें समर्थन करण्यांत त्यांचीं शेवटचीं वर्षें गेलीं. २९ मे १८८४ रोजीं विंबल्डन येथें त्यांचा अंत झाला. सेंट पॉलच्या मंदिरांत त्यांची समाधि आहे. कराचींत फ्रीअर हॉल अद्याप उभा आहे. मुंबईच्या फ्रीअर रोडचें नांव बदलून आतां पी. डिमेलो रोड असें झालें आहे.

तलासरीच्या त्या गृहस्थांस आम्हीं सर्व समजावून सांगितलें. ते रागावले नाहींत. चित्र असलेली वही मात्र त्यांनीं परत मागून घेतली, कां कीं ती बापाच्या हातची होती. मग आम्हीं पुडक्यांतील बाकीचीं पाकिटें एकेक करून पाहिलीं. त्यांत एक सिल्वासाच्या नातलगाचें होतें. आंतील पत्रावर १९५६ ची तारीख होती. आमच्या तलासरीच्या सीमेस लागून असलेला दादरा व नगर हवेलीचा मुलूख १९५४ च्या जुलई-ऑगस्टांत पोर्तुगीजांच्या हातून सुटला, व १९६१ च्या ऑगस्टांत भारतांत सामील होईपर्यंत तेथें त्याच लोकांच्या पंचायतीचा स्वतंत्र कारभार चालला. सात वर्षांचा तो कारभार. त्याचे शिक्के, कागद, तिकिटें ज्यांस शोधावयाचीं त्यांनीं आमच्याच तालुक्यांतील माळ्यांवर शोधावीं. म्हणून आम्हीं तें पाकीट मोठ्या उत्कंठेनें उलटून पाहिलें. वरच्या उजव्या कोपऱ्यांत तिकिटाच्या जागीं कागदाचा एक चौकोन फाडून काढलेला होता, आणि त्याबरोबर शिक्क्याचा अर्धा भागही गेला होता. मुलगा गप्प उभा राहिला. थोड्या वेळानें त्यानें कबूल केलें कीं, डबा सांपडला त्याच दिवशीं तें तिकीट चांगलें दिसलें म्हणून त्यानें काढलें व शेजारच्या पाड्यावरील एका मित्रास चार गोट्यांच्या बदलीं दिलें. तें कसें होतें, त्यावर काय लिहिलें होतें, हें त्यास नीट आठवेना. त्या मित्राच्या घरचीं माणसें वीटभट्टीच्या कामास गेलीं आहेत. तीं परत आलीं म्हणजे विचारावयाचें असें ठरलें असून पाकीट तोंवर आम्हीं मुलाच्या वडिलांस जाड पुठ्ठ्यांत घालून दिलें आहे.